पिवळ्या शेपटीची लक्षणं

दिवाळीच्या सकाळी कॉफीसाठी दूध काढायला म्हणून कुशलने फ्रिज उघडला, आणि दाराच्या खालच्या कप्प्यात त्याची बाटली नव्हती. त्याने भाजीचा खण पाहिला, बर्फाचा खण पाहिला, इडलीच्या पिठाच्या भांड्यावरचं झाकणसुद्धा उचलून पाहिलं. मग त्याची नजर सिंकजवळच्या जाळीकडे गेली. बाटली तिथे स्वच्छ धुऊन पालथी घातलेली होती, आणि तिच्यावर त्याने चिकटवलेली चिठ्ठी फ्रिजच्या ओलीने सुटून कुठेतरी नाहीशी झाली होती.

"काकू," तो म्हणाला, "ह्या बाटलीत काहीतरी होतं."

घरमालकीण अंबुजाकाकू चकलीसारख्या मुरुक्कूचा डबा भरत बसल्या होत्या. त्यांनी मान वरही केली नाही. "होतं की. लेगियम होतं. तुझ्या आईनं पाठवलेलं. अमचं यंदा थोडंच झालं, गुडघा दुखतो, कुटायास होत नाही. म्हणून दोन्ही एकत्र करून टाकलं. तूंही आत्ता खाल्लास की."

खाल्लं होतं. अभ्यंगस्नान करून, नवा शर्ट घालून, काकूंनी तळहातावर ठेवलेला सुपारीएवढा काळा गोळा त्याने तोंडात टाकला होता आणि वर "छान झालंय" असंही म्हटलं होतं. चेन्नईत दिवाळीच्या पहाटे फराळाच्या आधी हे औषध घेतात. सुंठ, मिरी, पिंपळी, ओवा कुटून गूळ-तुपात आटवतात, म्हणजे पुढे दिवसभर तळलेलं कितीही खाल्लं तरी पोट कुरकुरत नाही. दिवाळीच्या आठवड्यात ह्या शहरातल्या कुठल्याही फ्रिजमध्ये काळा, सुंठीच्या वासाचा चिकट लगदा दिसला, तर तो लेगियमच असणार, ह्याबद्दल लहान मुलालाही शंका येत नाही. कुशल जळगावचा. तिकडे लोक दिवाळी औषधाशिवाय खातात आणि मग निस्तरतात. त्यामुळे काकूंच्याच कॉफीच्या रिकाम्या बाटलीत, काकूंच्याच फ्रिजमध्ये, दिवाळीच्या तोंडावर आपण काय ठेवतो आहोत हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्या बाटलीत त्याची पीएचडी होती. ब्राह्मी, जटामांसी आणि शंखपुष्पी ह्या तीन वनस्पतींचे अर्क एकत्र केले तर उदासी हटते का, हे तो एका फार्मसी कॉलेजात उंदरांवर तपासत होता. उदास उंदीर ओळखण्याची रीत अशी : उंदराला पाण्याच्या उंच काचपात्रात सोडायचं आणि घड्याळ लावायचं. ज्याने आशा सोडली तो लवकरच हातपाय ढिले टाकून तरंगत राहतो. ज्याला अजून जगात काही चांगलं होईल असं वाटतं तो पाय मारत राहतो. मग त्याला बाहेर काढून पुसायचं आणि आकडा लिहायचा. ही रीत माणसांनी शोधली आहे. उंदरांचं मत कोणी विचारलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट म्हणजे, हा अर्क अजून एकाही माणसाने खाल्लेला नव्हता. उंदरांनी खाल्ला होता, आणि त्यांतला एक मेला होता.

तो पिवळ्या शेपटीचा. ओळख पटावी म्हणून उंदरांच्या शेपट्यांवर रंगाच्या खुणा करत, त्यात ह्याची पिवळी. कुशलला मुळात उंदरांची भीती वाटे. हा विषय त्याने घेतला तेव्हा 'प्राणी' म्हणजे ससे असतील अशी त्याची समजूत होती. पिवळ्या शेपटीचा पहिल्याच दिवशी त्याला चावला, तेव्हापासून कुशल त्याला रोज डब्यातला काकूंच्या मुरुक्कूचा एक तुकडा लाच म्हणून देई आणि औषध पाजताना त्याच्याशी हळू आवाजात मराठीत बोले. गाइड मॅडम सोडल्या तर कॉलेजात मराठी ऐकून घेणारं दुसरं कोणी नव्हतं. आणि हा उंदीर असा काही सुधारला की विचारू नका. गेल्या आठवड्यात एका दिवशी त्याने सकाळी स्वतःचं अंग चाटून लख्ख केलं, मग पिंजऱ्याच्या जाळीवर चढून गेला, मग पाण्यात असा पोहला की घड्याळ बंद करावं लागलं. मग गाढ झोपला. दुपारी कुशल बघायला गेला, तर तो चारी पाय वर करून मरून पडला होता.

गाइड मॅडम, म्हणजे डॉ. विद्यालक्ष्मी, त्या उंदराला तपासणीसाठी घेऊन गेल्या. त्यात काय निघालं हे त्यांनी अजून सांगितलं नव्हतं. पुढे दिवाळीच्या सुट्टीत दुरुस्तीसाठी विभागाची वीज बंद राहणार असल्याची सूचना लागली, प्राण्यांना दुसऱ्या इमारतीत हलवलं आणि प्रयोगाच्या बाटल्याही तिकडच्या फ्रिजमध्ये ठेवा असं मॅडमनी सांगितलं. त्या फ्रिजच्या खोलीची किल्ली ज्याच्याकडे होती तो गावी निघून गेला होता. मॅडमना फोन करायचा कुशलला धीर झाला नाही. बाटल्या दोन होत्या, 'अ' आणि 'ब'. एकीत खरा अर्क आणि दुसरीत नुसता त्याच्या रंगा-वासाचा पाक, पण कुठल्या बाटलीत काय हे फक्त मॅडमना ठाऊक. पाहणाऱ्यालाच माहीत असलं तर त्याचे डोळे हवं तेच पाहतात, म्हणून ही पद्धत. पण पिवळ्या शेपटीचा 'अ' पीत होता, आणि तो पोहला कसा हे कुशलने पाहिलं होतं. तेव्हा 'अ' म्हणजेच औषध हे त्याने मनाशी ठरवून टाकलं, 'अ' मधला सगळा ऐवज कॉफीच्या बाटलीत भरून घरी आणला आणि 'ब' विभागातल्या टेबलावरच सोडून दिली. पाक कशाला सांभाळायचा.

हे सगळं डोक्यातून जाईपर्यंत त्याने ती धुतलेली बाटली दोनदा हुंगून पाहिली होती. "आणखी कोणी कोणी खाल्लं?" त्याने विचारलं.

काकूंनी हिशेब दिला. त्या स्वतः, काका, कुशल, आणि एक डबी वर अन्नपूर्णाबाईंकडे. विद्याची डबी अजून इथेच होती, ती दुपारी येणार होती. विद्या म्हणजे विद्यालक्ष्मी मॅडम. त्या नारायणस्वामी काकांच्या भाची, दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या, आणि अण्णा नगरातली ही खोली कुशलला मिळाली ती त्यांच्या शब्दावर. म्हणजे कबुली द्यायची तर गाइड, पीएचडी आणि डोक्यावरचं छप्पर हे तिन्ही एकाच दारातून जाणार होतं.

तो धावत वर गेला. अन्नपूर्णाबाई पाण्याच्या मोटारीवरून साऱ्या इमारतीशी भांडणाऱ्या बाई. दार कधी चार बोटांपेक्षा जास्त उघडत नसत. आज त्यांनी दार सताड उघडलं. कुशलने घाबरून आधी नमस्कार केला, मग तब्येत विचारली, मग डबी परत मागितली. डबी त्यांनी चाटूनपुसून संपवली होती. त्यांनी त्याला बसवलं, हातात अनारशासारखं अधिरसम दिलं आणि, हे त्याने स्वतः पाहिलं, त्या हसल्या. दोन वर्षांत त्या बाई हसल्याची त्या इमारतीत नोंद नव्हती.

खाली येताना त्याने स्वतःची नाडी पाहिली. ती धडधडत होती, पण ती कॉलेजात मॅडमच्या खोलीबाहेरही तशीच धडधडे. आनंदाचं एकही लक्षण त्याच्यात नव्हतं. आपण जवान आहोत, आपल्यावर उशिरा परिणाम होईल, असं त्याने स्वतःला समजावलं. काळजी होती ती काकांची. त्यांच्या हृदयात दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला होता.

नारायणस्वामी काका बंदराच्या कचेरीतून निवृत्त झाले, त्या दिवसापासून बोलायचे थांबले होते. दिवसभरात ते "कापी," "पेपर" आणि "हूं" एवढे शब्द वापरत. चेन्नईतच पेरुंगुडीला आयटीत असलेला मुलगा, मुरली, महिन्यातून एकदा येई आणि आला की मोबाईलमध्ये बघत बसे. ह्या घरातली माणसं तीनेकशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेल्या मराठ्यांच्या गोतातली. त्यांची मराठी ऐकून कुशलला आधी आपण जुन्या बखरीत राहायला आलो असं वाटलं होतं. पण काकांची मराठी त्याने फारशी ऐकलीच नव्हती.

आज काका वेताच्या खुर्चीत पेपर धरून बसले होते. कुशल त्यांच्या समोर स्टूल ओढून बसला. कसं वाटतंय, छातीत काही जड वाटतं का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, असं त्याने एकामागून एक विचारलं आणि मनगट हातात घेऊन नाडी मोजू लागला. काकांनी पेपर खाली केला आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "छातीत काही नाही. गुडघ्यांत अहे थोडं. डाव्या." एवढं मोठं वाक्य कुशलने त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं.

पंधरा मिनिटांनी त्याने पुन्हा विचारलं. काकांनी डाव्या गुडघ्याचा सगळा इतिहास सांगितला. बंदरावर वादळ आलं होतं तेव्हा ते दोरखंडात अडकून पडले होते, तिथपासून. कुशल एका डोळ्याने घड्याळ आणि दुसऱ्याने त्यांच्या ओठांचा रंग पाहत ऐकत राहिला. मग काका उठले, आरशापुढे गेले आणि त्यांनी केसांना तेल लावून भांग पाडला. तो मोडला. पुन्हा पाडला. मिशाही विंचरल्या.

अंग साफ करणं. पिवळ्या शेपटीच्याने सुरुवात अशीच केली होती. कुशलने मॅडमना फोन लावला आणि पहिली रिंग वाजताच बंद केला.

"काका, आपण डॉक्टरकडे जाऊन येऊ या का? नुसता ईसीजी."

"दीपावळीस डॉक्टर कुठला रे? बस. तुज एक दाखवायचं अहे." आणि त्यांनी ते स्टूल ओढलं, नवं वेष्टी-धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं आणि माळ्यावर चढू लागले.

कुशलच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने त्यांच्या दोन्ही पोटऱ्यांना मिठी मारली आणि खाली उतरा म्हणून अक्षरशः गयावया केली. काका वरून खाली बघून हसत होते. स्वयंपाकघरातून काकू आल्या, त्यांनी हे दृश्य पाहिलं, आणि "अय्यो, ह्यांस काय झालं" म्हणत पुन्हा आत गेल्या. त्यांचाही चेहरा खुललेला होता. कुशलने तेही मनात टिपून ठेवलं.

माळ्यावरून काकांनी फोटोंचा एक अल्बम काढला. कचेरीतले लोक, बोटी, क्रेन, आणि एका फोटोत उघडाबंब, काटकुळा तरुण पाण्यातून वर येणारा. काकांनी त्यावर बोट ठेवलं. "मी. एन्नोरास. खाडीत ह्या काठापासून त्या काठापर्यंत जाऊन येत होतों. आतां ते पाणी काळं झालं. पण कोवळमास चांगलं अहे म्हणे. जाऊं या का, तूं आणि मी? पोहायास?"

पोहणं हा शब्द ऐकला आणि कुशलची पाचावर धारण बसली. साफसफाई झाली, चढणं झालं, आता पोहणं. पुढे फक्त झोप उरली होती, आणि झोपेनंतरचं. त्याने शहराबाहेरच्या त्या कोवळमच्या किनाऱ्यावर न जाण्याची इतकी कारणं सांगितली, की काका शेवटी म्हणाले, "सरी, बरं तर, जेवून बघूं." जेवताना त्यांनी दोनदा भात घेतला, काकूंच्या आंबट वरणाची तारीफ केली आणि काकूंच्या हातातली पळी खाली पडली. कुशल पानावरचा भात नुसता चिवडत होता. ह्या माणसाने आपल्याला नात्याचं नसताना घरात घेतलं, ह्या बाईने कॉफीच्या रिकाम्या बाटल्या आपल्यासाठी धुऊन ठेवल्या, आणि आपण त्यांना उंदरांचं औषध खाऊ घातलं. त्याला खरोखर रडू येत होतं.

जेवून काका म्हणाले, "निजतों जरा."

"नको," कुशल म्हणाला.

"कां रे?"

काका खोलीत गेले आणि दार लोटलं. कुशल बाहेर जमिनीवर बसून आतला श्वास ऐकू लागला. आधी घोरणं ऐकू आलं, तेव्हा त्याचा जीव थोडा खाली बसला. मग घोरणं थांबलं. गल्लीत कोणीतरी फटाक्यांची माळ लावली होती, तिच्या आवाजात काहीच कळेना. माळ संपली तरी आत सामसूम होती. कुशलने देवाचं नाव घेऊन दार ढकललं.

काका जमिनीवर उताणे पडले होते आणि त्यांचे दोन्ही पाय वर होते.

कुशलने जी आरोळी ठोकली ती वर अन्नपूर्णाबाईंपर्यंत गेली. तो काकांच्या छातीवर कोसळला आणि "मी मारलं, मी मारलं" असं ओरडत त्यांना गदागदा हलवू लागला. काकांनी डोळे उघडले.

"पायांस सूज येते," ते म्हणाले. "जेवण झाल्यावर भिंतीस टेकवून वर ठेवायचे. डॉक्टरानंच सांगितलं अहे. तूं उठ आधी, मज श्वास घ्यायास होत नाही."

काकूही धावत आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ, नेमक्या त्याच वेळी दारातून आत शिरलेल्या, हातात मिठाईचा डबा घेतलेल्या विद्यालक्ष्मी मॅडम. आता पळायला वाट नव्हती, आणि कुशलच्या अंगात पळण्याचं त्राणही उरलं नव्हतं. तिथेच जमिनीवर बसून त्याने सगळं सांगून टाकलं. गावी गेलेली किल्ली, फ्रिज, कॉफीची बाटली, लेगियम, वरची डबी. काकांना ताबडतोब दवाखान्यात न्या, मला काढून टाका, पोलिसांत द्या, पण आधी काकांना न्या, असं तो म्हणाला. बोलता बोलता तो रडला, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

मॅडमनी मिठाईचा डबा खाली ठेवला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "कुठली बाटली?" त्यांनी विचारलं.

"अ."

"नक्की अ?"

"नक्की."

मॅडम पलंगाच्या कडेवर बसल्या आणि त्यांनी एक लांब श्वास सोडला. "अ म्हणजे काही नाही," त्या म्हणाल्या. "गूळ, डिंक आणि वासास थोडी सुंठ. मीच केला होता, माझ्या स्वयंपाकघरात. तुमच्या लेगियमास त्यानं काही होत नाही. फार तर थोडं गोड झालं असेल."

"मज वाटलंच," काकू म्हणाल्या. "ह्याच्या आईचा हात गुळास सैल अहे म्हणून."

कुशलचा जीव भांड्यात पडला, पण तिथे फार वेळ राहिला नाही. मॅडमनी पुढे विचारलं की मग ब कुठे आहे. त्याने सांगितलं. वीज नाही, पंखा नाही, टेबलावर, झाकण बहुधा सैल. मॅडमनी डोळे मिटून घेतले. दोन महिने खपून काढलेला अर्क चेन्नईच्या उकाड्यात आंबत पडला होता. सगळा प्रयोग पहिल्यापासून करावा लागेल, असं त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, आणि त्या आवाजाची कुशलला रागापेक्षा जास्त भीती वाटली. पण त्याला काढून टाकण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

"पण मॅडम, काका?" तो म्हणाला. "सकाळपासून बोलतायत, चढतायत. हे सगळं नुसत्या गुळाने?"

मॅडमनी आपल्या मामांकडे पाहिलं. काका भिंतीला टेकून बसले होते आणि आपल्यामुळे एवढं सगळं झालं ह्याचं त्यांना वाईट वाटलेलं अजिबात दिसत नव्हतं. "मुरली फोनावर विचारतो, गोळी घेतलीस का," ते म्हणाले. "मी उत्तर देईपर्यंत ठेवून टाकतो. ह्या पोरानं सकाळपासून सारखं विचारलं, आणि विचारून बसून राहिला. मज सांगायास पुष्कळ होतं."

काकूंनी पदराने उगाच हातावरचं पीठ झटकलं. मग मॅडमनी कुशलला विचारलं, "त्या उंदराशी तूं बोलत होतास का? पिवळ्या शेपटीच्या?"

कुशलने मान हलवली. त्या गटातला तोच एक का पोहत होता हे आता कळलं, असं मॅडम म्हणाल्या.

"मग तो मेला कशाने? पाकाने तर नाही ना?"

"नाही. त्याच्या घशात काहीतरी अडकलं होतं. तळलेल्या पिठाचा तुकडा, त्यात तीळ." मॅडमचा आवाज एकदम कॉलेजातला झाला. "कुणीतरी चोरून त्यास खायास घालत होतं. कोण ते मी शोधते अहे. लेगियमानं कोणी मरत नाही, पण असली वस्तू न चावता गिळली तर..."

त्या बोलायच्या थांबल्या, कारण कुशल त्यांच्याकडे पाहतच नव्हता. काकूंनी फराळाचं ताट आणून मध्ये ठेवलं होतं, आणि इतक्या वर्षांनी भूक लागलेले नारायणस्वामी काका त्यातलं अख्खं मुरुक्कू तोंडात कोंबत होते. त्यांचे दोन्ही गाल फुगले होते.

"काका," कुशल म्हणाला, "हळू. चावून खा."

काकांनी त्याच्याकडे मोठ्या समाधानाने पाहिलं. मग न विचारताच त्यांनी डाव्या हाताचं मनगट त्याच्यापुढे धरलं, आणि उजव्या हाताने दुसरं मुरुक्कू उचललं.